पितळेची नळी आणि दुष्काळातला ताप

श्रोतेहो, आमच्या महाविद्यालयात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक कपाट आहे. मोडक्या वस्तू, तडा गेलेल्या काचा आणि कधी काळचे नकाशे त्यात कोंबलेले असतात. मी इतिहास शिकविणारा माणूस. त्या कपाटाशी माझा संबंध येण्याचे काही कारण नव्हते. पण एकदा परीक्षेच्या वेळी त्या खोलीवर माझी देखरेख होती, आणि मुले लिहीत असताना माझी नजर कपाटातल्या एका लाकडी पेटीवर गेली. संध्याकाळी ती उघडवून घेतली. आत वीतभर उंचीचे पितळेचे सूक्ष्मदर्शक यंत्र निघाले. पायावर कोरलेले होते: वॉटसन अँड सन्स, ३१३ हाय होलबर्न, लंडन. उपनगरातल्या कोणा जुन्या डॉक्टरांच्या घरून ते देणगीदाखल आले होते एवढेच प्रयोगशाळेतल्या शिपाईकाकांना ठाऊक होते.

आता माझी चूक सांगतो. पितळ काळपट दिसत होते. आपल्या घरी पितळेची भांडी काळी पडली की आई काय करीत असे? चिंच लावून घासत असे. मीही तेच केले. अर्ध्या तासात यंत्राची एक बाजू देवघरातल्या समईसारखी लखलखीत झाली, आणि मी खूष होऊन काकांना हाक मारली. त्यांनी पाहिले आणि कपाळाला हात लावला. "सर, काय केलंत हे? वरचा रोगण गेला की सगळा! आता दर महिन्याला घासत बसा."

काकांचे म्हणणे खरे होते. त्या काळचे कारागीर पितळ नुसते घासून ठेवीत नसत. स्पिरिटमध्ये लाख विरघळवून तिचा पातळ, सोनेरी रोगण ते गरम केलेल्या पितळेवर मऊ कुंचल्याने चढवीत. त्या थरामुळे हवा आणि हाताचा घाम धातूला लागत नसे, आणि शंभर वर्षे झाली तरी यंत्र काळे पडत नसे. ही लाख कोठली, तर बहुतेक आपल्याच देशातली. पळस, कुसुंब, बोर या झाडांच्या फांद्यांवर किडे ती तयार करतात, जंगलातली माणसे खरवडून काढतात, आणि कलकत्त्याच्या बंदरातून ती विलायतेला जात असे. म्हणजे मी जे चिंचेने धुऊन टाकले ते विलायती म्हणून मिरवणारे आपल्याच रानातले धन होते!

त्या लाजेपायी मी या यंत्रांचा आणि ती करणाऱ्यांचा इतिहास वाचू लागलो. वाचता वाचता लंडनहून निघालो तो मुंबईत, आणि मुंबईतून आपल्या देशावरच्या दुष्काळी गावांत येऊन पोचलो. ती वाट आज तुम्हांला दाखवावी असा विचार आहे.

सूक्ष्मदर्शक तसे जुने, सतराव्या शतकापासूनचे. पण दोनशे वर्षे त्यात एक मोठा दोष होता. भिंगातून पाहिलेल्या वस्तूच्या कडेला इंद्रधनुष्यासारखे रंग उमटत आणि बारीक भाग धुरकट दिसत. त्यामुळे पुष्कळ विद्वान या यंत्रावर विश्वासच ठेवीत नसत. हा दोष शास्त्रशुद्ध रीतीने कसा घालवावा हे सांगितले एका दारूच्या व्यापाऱ्याने. त्याचे नाव जोसेफ जॅक्सन लिस्टर. दुकान सांभाळून फावल्या वेळात तो भिंगांचा अभ्यास करी. दोन निरनिराळ्या जातींच्या काचांची जोडभिंगे एकापुढे एक किती अंतरावर ठेवावीत म्हणजे एकाचा दोष दुसरे खाऊन टाकील, याचा नियम त्याने १८३० साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. शस्त्रक्रियेत जंतुनाशकांचा वापर सुरू करणारे प्रसिद्ध डॉक्टर लिस्टर हे याचेच चिरंजीव. तांबड्या रक्तपेशी दोन्ही बाजूंनी खोलगट चकतीसारख्या असतात, हेही थोरल्या लिस्टरने हॉजकिन या डॉक्टर मित्राबरोबर १८२७ साली नीट वर्णन करून ठेवले होते. रक्ताची गोष्ट पुढे येणार आहे, म्हणून हे लक्षात ठेवा.

लिस्टरचा नियम मिळाला आणि लंडनमध्ये तीन कारखाने नावारूपाला आले: अँड्र्यू रॉस, जेम्स स्मिथ आणि ह्यू पॉवेल. कारखाने म्हटले म्हणून धूर ओकणारी धुराडी डोळ्यांपुढे आणू नका. आपल्याकडच्या तांबटाच्या किंवा सोनाराच्या दुकानासारखेच ते होते. थोडे कारागीर, पायाने चालवायचा चरक, आणि मालक स्वतः भिंग घासायला बसलेला. पॉवेलने १८४१ साली आपला मेहुणा पीटर लीलंड याला भागीदार केले, आणि पॉवेल अँड लीलंड हे नाव जाणकारांत दबक्या आवाजात घेतले जाऊ लागले. त्यांची यंत्रे थोडी आणि महाग, पण भिंगे अशी की इतरांनी पाहत राहावे. स्मिथच्या दुकानात लिस्टरचा भाचा रिचर्ड बेक उमेदवारी करून भागीदार झाला, आणि तेच घराणे पुढे आर. अँड जे. बेक या नावाने चालले. आमच्या यंत्राचे वॉटसन हे थोडे नंतरचे.

या मंडळींची परीक्षा कशावर होई, हे ऐकण्यासारखे आहे. ओढ्यातल्या दगडावर तपकिरी, बुळबुळीत थर असतो, ज्यावरून पाय घसरतो, तो तुम्ही पाहिलाच असेल. त्यात डायटम नावाच्या अतिसूक्ष्म वनस्पती असतात. त्यांचे कवच काचेसारखे असते आणि त्यावर ठिपक्यांच्या ओळी असतात. एका जातीच्या कवचावर त्या इतक्या दाट असतात की एका मिलिमीटरात जवळजवळ दोन हजार मावतात. ज्याच्या भिंगातून या ओळी सुट्या दिसतील तो कारागीर खरा! विलायतेतली हौशी माणसे रात्र रात्र दिव्याच्या उजेडात या ओळी मोजीत बसत आणि कोणाचे भिंग सरस यावर मासिकांतून भांडत. काही डॉक्टर त्यांची थट्टाही करीत, की हे लोक शेवाळ पाहण्यापलीकडे काही करीत नाहीत. मला ही थट्टा अन्यायाची वाटते. या रिकामटेकड्या म्हटल्या जाणाऱ्या चढाओढीनेच भिंगांची धार वाढत गेली, आणि ती वेळेवर वाढली म्हणूनच पुढे रोगजंतू दिसले.

शिक्षक मित्रांसाठी आणखी दोन गोष्टी. १८५५ साली लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने बक्षीस लावले: विद्यार्थ्याला परवडेल असे चांगले यंत्र तीन गिनीत आणि शाळेसाठी साधे यंत्र साडेदहा शिलिंगात कोण करून देतो? बर्मिंगहॅमच्या फील्ड या कारखानदाराने ते जिंकले आणि यंत्र श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून बाहेर पडले. दुसरी गोष्ट, तोपर्यंत प्रत्येक कारागिराच्या भिंगाचे आटे वेगळे. एकाचे भिंग दुसऱ्याच्या नळीत बसत नसे. १८५८ साली लंडनच्या सूक्ष्मदर्शक मंडळाने ठरविले की यापुढे सर्वांनी एकाच मापाचे आटे पाडावेत. कुरकुर झाली, पण हळूहळू सर्वांनी ते मानले. याचे फळ मला कसे मिळाले ते शेवटी सांगतो.

पुढे जर्मनीने बाजी मारली. येना गावी कार्ल झाइस याने १८४६ साली दुकान काढले. हाताच्या अंदाजाने भिंग घासण्यात त्याला समाधान वाटेना, म्हणून त्याने एर्न्स्ट आबे या गणिताच्या तरुण प्राध्यापकाला १८६६ साली जोडीला घेतले. आबेने १८७३ साली सांगितले की प्रकाशाच्या लहरीलाच लांबी असल्यामुळे, मिलिमीटरच्या सुमारे पाच हजाराव्या भागापेक्षा जवळ असलेले दोन ठिपके कोणत्याही भिंगाने सुटे दिसणार नाहीत. मात्र त्या मर्यादेपर्यंत कसे पोचावे हेही त्याने गणिताने दाखविले. भिंग आणि काचपट्टी यांच्यामध्ये तेलाचा थेंब सोडून पाहण्याचे झाइसचे तैलभिंग १८७८ साली निघाले. इंग्रजी पितळ देखणे खरे, पण प्रयोगशाळांतून पुढे आखूड, स्वस्त, घोड्याच्या नालासारख्या पायाची जर्मन यंत्रेच दिसू लागली.

आता मुंबईकडे येऊ.

हेन्री व्हँडाइक कार्टर हा यॉर्कशरचा, चित्रकाराचा मुलगा. वैद्यकीच्या जगात 'ग्रेज ॲनाटमी' हा शरीररचनेचा ग्रंथ ठाऊक नाही असा डॉक्टर नसेल. १८५८ साली निघालेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीतली शेकडो चित्रे या कार्टरने काढली. त्याला एकरकमी मोबदला मिळाला, ग्रंथाच्या आवृत्त्या मात्र आजतागायत निघत आहेत. त्याच वर्षी तो सरकारी वैद्यकीय नोकरीत मुंबईस आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवू लागला. पुढे १८६३ ते १८७२ तो साताऱ्यास सिव्हिल सर्जन होता, म्हणजे आपला देश त्याने चांगला पाहिलेला.

अनवाणी शेतात राबणाऱ्यांच्या पायाला काटा लागून पुढे पाय सुजतो, त्यात भोके पडून काळे किंवा पिवळसर कण बाहेर येतात, असा एक रोग आहे. त्याला मदुरा पाय म्हणतात. हा बुरशीचा रोग आहे असे कार्टरने सूक्ष्मदर्शकाखाली ते कण फोडून दाखविले आणि १८७४ साली त्यावर ग्रंथ लिहिला. शेतकरी बंधूंनो, काटा मोडून बसला आणि पाय दुखेनासा झाला तरी सूज राहिली, तर आजही अंगावर काढू नये. वेळीच दवाखाना गाठावा.

मग १८७६ साल उजाडले. पाऊस गेला. सोलापूर, नगर, पुणे, सातारा आणि खाली विजापूर-कलादगीकडचा मुलूख जळाला. जुनी माणसे सांगत तो हाच दुष्काळ. सरकारी कामांवर दिवसाला पौंडभर धान्याच्या हिशोबाने मजुरी बसविली, तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती जमवून तिच्याविरुद्ध निवेदनांवर निवेदने पाठविली. ज्यांना तेवढेही मिळेना ती कुटुंबे घाट उतरून मुंबईकडे निघाली. ठाण्याहून शीवकडे येणारा जुना आग्रा रस्ता आजच्या मुलुंड, भांडुप, घाटकोपरातून जातो. तेव्हा ही सारी खेडी होती, भाताची खाचरे आणि ताडाची झाडे. पायी येणाऱ्याला शहर गाठण्याची वाट याच बाजूने. आज त्या रस्त्यावर बसची वाट पाहत उभा राहिलो की कधी कधी मला ती माणसे आठवतात. डोक्यावर गाठोडे, कडेवर मूल, आणि अंगावर एकच वस्त्र, जे महिनोन्‌महिने पाण्याला लागलेले नाही.

१८७७ साली या लोकांत एक ताप पसरला. एकाएकी थंडी वाजून तो चढे, पाच-सात दिवस माणूस भाजून निघे, आणि मग घाम सुटून ताप इतका झपाट्याने उतरे की घरच्यांना वाटावे, सुटला. आठवडाभर बरे जाई आणि तोच ताप परत येई. कोणी त्याला हिवताप म्हणत, कोणी विषमज्वर, कोणी नुसताच दुष्काळी ताप. उपाशी माणसाला ताप येणारच, त्यात शोधायचे काय, असेही म्हणणारे होते.

कार्टर त्या वेळी मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात होता. त्याने तापाच्या भरात असलेल्या रोग्याच्या बोटातून रक्ताचा थेंब काढला, काचपट्टीवर घेतला आणि नळीखाली सरकविला. बर्लिनच्या ओबरमायर या डॉक्टराने अशाच तापात रक्तातले जंतू पाहिल्याचे १८७३ साली प्रसिद्ध झाले होते. आपल्या दुष्काळी माणसांच्या रक्तात तेच दिसते का, हा प्रश्न होता.

ते दिसले. काय दिसते, हे शब्दांत सांगण्याचा प्रयत्न करतो. लिस्टरने वर्णन केलेल्या त्या तांबड्या चकत्या पसरलेल्या असतात. मध्येच एखादी चकती कोणी ढोसल्यासारखी हलते. नीट पाहावे तर तिच्याशेजारी मळसूत्रासारखा पिळदार, केसाहून कितीतरी बारीक असा एक धागा वळवळत असतो. लांबी चकतीच्या दोन-तीन पट, पण जाडी जवळजवळ आबेच्या मर्यादेला टेकलेली. भिंग जरा मंद असेल, उजेड जरा कमी-अधिक असेल, तर धागा दिसत नाही, फक्त चकत्यांची हालचाल दिसते. तैलभिंग निघायला अजून वर्षाचा अवकाश होता. विजेचा दिवा नव्हता, आरशावर घेतलेला दिवसाचा उजेड किंवा तेलाचा दिवा. असल्या साधनांवर कार्टरने रोग्यामागून रोगी तपासला. ताप असताना जंतू असतात, घाम सुटून ताप उतरला की नाहीसे होतात, ताप उलटला की पुन्हा हजर होतात. चित्रकाराचा हात असल्याने जे दिसले ते त्याने काढूनही ठेवले.

माकडांच्या अंगात रोग्याचे रक्त टोचून त्यांनाही तोच ताप येतो हे त्याने दाखविले. त्याला स्वतःलाही हा ताप झाला. १८८२ साली त्याचा मोठा ग्रंथ निघाला. म्हणजे दुष्काळी ताप ही नुसती उपासमार नव्हती, तर निश्चित जंतूचा निश्चित रोग होता. उपासमार त्याला दार उघडून देत होती, एवढेच. कार्टर १८८८ साली निवृत्त होऊन मायदेशी गेला आणि १८९७ साली वारला.

पण श्रोतेहो, एक प्रश्न राहिलाच होता. जंतू एका माणसाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जातो कसा? इतके पाहणाऱ्या डोळ्यांनाही हे उमगले नाही. ते उमगायला तीस वर्षे लागली, आणि जागा होती नाशिक.

१९०७ साली नाशिकच्या एका मिशनच्या वसतिगृहांत या तापाची साथ आली. पर्सिव्हल मॅकी नावाचा लष्करी डॉक्टर तपासाला गेला. पुढे मुंबईच्या हाफकिन संस्थेचा संचालक झाला तो हाच. त्याच्या ध्यानात आले की मुलांच्या बाजूला साथीचा कहर आहे आणि मुलींत मात्र रोगी थोडे. अन्न एक, पाणी एक, मग हा फरक कशाचा? त्याने कपडे उलटून पाहिले. मुलांच्या कपड्यांच्या शिवणींत उवा बुजबुजलेल्या, मुलींच्या कपड्यांत कमी. दोन्हीकडच्या उवा वेचून, चिरून त्याने सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. मुलांकडच्या उवांत तो पिळदार धागा कितीतरी अधिक वेळा सापडला. पुढे मुलींकडे उवा वाढल्या तशी साथही तिकडे वाढली.

राहिलेला धागा ट्युनिस शहरात शार्ल निकोल आणि त्याच्या साथीदारांनी १९१२ च्या सुमारास जुळविला. ऊ चावल्याने हा ताप होत नाही. खाज सुटते, माणूस खाजवतो, ऊ नखाखाली चिरडते, आणि तिच्या अंगातले जंतू ओरखड्यातून आत शिरतात. आता १८७७ सालचा तो रस्ता पुन्हा डोळ्यांपुढे आणा. एकच वस्त्र, धुवायला पाणी नाही, रात्री थंडीत दाटीवाटीने निजायचे. त्या माणसांनी कोणते पाप केले होते म्हणून ताप आला नव्हता. दुसरे लुगडे आणि हंडाभर कढत पाणी, एवढेच त्यांना मिळायला हवे होते. आज आपल्याकडे हा ताप दिसत नाही. इथिओपियाच्या बाजूला अजून आहे, आणि तेथेही तो गरिबांच्या व निर्वासितांच्या वस्तीतच आढळतो.

शाळांच्या, दवाखान्यांच्या माळ्यांवर अशी जुनी यंत्रे अजून सापडतात. कोणाला सापडले तर माझ्यासारखे करू नका. चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर, काही लावू नका. स्पिरिट तर मुळीच नको, ते लाखेला विरघळविते. मऊ कोरड्या फडक्याने धूळ टिपा, भिंगावर आधी फुंकणीने वारा घाला आणि मग जुन्या, धुतलेल्या मलमलीने हलकेच पुसा. भिंग उकलून आत बघण्याचा मोह आवरा. आतल्या काचा एका झाडाच्या डिंकाने चिकटविलेल्या असतात आणि एकदा सुटल्या की तुमच्या-आमच्या हातून बसत नाहीत. भंगारवाला पितळेच्या वजनाने भाव करील, त्याला देऊ नका.

आमच्या यंत्राचे वस्तूकडचे भिंगच हरवलेले होते. नळी रिकामी. शोभेची वस्तू म्हणून ठेवून द्यावी असे ठरत होते. तेवढ्यात काकांनी विद्यार्थ्यांच्या नव्या यंत्राचे, आपल्याच देशात केलेले एक भिंग काढून आणले आणि सहज त्या नळीला लावून पाहिले. दोन वेढे, तीन वेढे, चार वेढे, आणि ते घट्ट बसले. १८५८ सालचे आटे! खिडकीकडून आरसा फिरविला आणि गोल उजेड स्वच्छ दिसला.

पहिल्यांदा पवईच्या तळ्याचे पाणी पाहिले, मग कांद्याचे साल. तिसऱ्या दिवशी घाटकोपरहून येणारी एक विद्यार्थिनी काचपट्टीवर काहीतरी चिकटवून घेऊन आली. तिच्या धाकट्या भावाच्या केसांतून काढलेली ऊ होती. सहा पाय, प्रत्येक पायाला आकडा, आणि पारदर्शक पोटात रक्ताची लालसर रेघ. मुलांची ही गर्दी झाली.

"सर, नाशिकची ती हीच का?" तिने विचारले.

"नाही," मी म्हटले, "ही डोक्यातली. ती कपड्यांच्या शिवणीतली. पण दिसायला जवळजवळ अशीच. आता घरी जाऊन त्याचे डोके बारीक फणीने विंचर, आणि फणी कढत पाण्यात टाक."